गावची गाडी आणि डोंबिवलीचा फोन

आमच्या गावच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन माझ्याकडे असतो. गाव कोकणात आणि मी डोंबिवलीत, कोपरला. तिथे कुणाच्या छातीत दुखायला लागलं की आधी मला फोन येतो, मी ड्रायव्हरला फोन करून 'जा' म्हणते आणि मग गाडी निघते. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. मलाही वाटतं.

गाडी घेतली आमच्या ग्रामस्थ मंडळाने, म्हणजे ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेल्या आमच्या गावकऱ्यांनी. पहिल्याच गणपतीत तिने स्टेशनवरून चाकरमानी आणले, मखरांचं सामान वाहिलं आणि एकदा भजनी मंडळाला सायरन वाजवत शेजारच्या गावी नेलं. त्याच वेळी खालच्या वाडीतले एक आजोबा तापाने फणफणत गाडीची वाट बघत होते. शेवटी त्यांना कुणाच्या तरी टेम्पोतून नेलं. मंडळाने ठराव केला की डोंबिवलीहून फोन आल्याशिवाय गाडी हलायची नाही. गावात कुणाकडे अधिकार दिला असता तर वरची वाडी, खालची वाडी सुरू झालं असतं. मी मंडळाची सचिव, दोन्ही वाड्यांशी बरी आणि फोन लगेच उचलणारी. त्यामुळे दुसरं नाव पुढे आलंच नाही.

तेव्हापासून आंघोळीला जाताना फोन बाहेर कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो. नाटक नाही, सिनेमा नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मी रेंज बघून खुर्ची निवडते. मुलगी कॅनडात असते. तिला दिवस गेले तशी ती म्हणाली, "आई, सहा महिने ये. नुसती येऊ नको, राहा." मी कामांची यादी केली, पासपोर्ट नवा केला आणि मंडळाला सांगितलं की यंदा माझं शेवटचं वर्ष.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या किडन्या गेल्या. त्या गावी एकट्या राहतात. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, तेही तालुक्याला. आम्ही त्यांना सरळ कोपरला घेऊन आलो. डोंबिवलीत डायलिसिस रिक्षाच्या अंतरावर होतं, म्हणून मला वाटलं काम झालं.

जाऊबाई दिवसभर दार उघडं टाकून बसायच्या. जिन्यातून जाणाऱ्याला विचारायच्या, "जेवलास काय?" लोक हसून पुढे जायचे. मी दार लावून घ्यायचे. आमची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. तिथे त्या उभ्या राहिल्या की मला कळायचं नाही, या काय बघतात. एक दिवस म्हणाल्या, "तुजा राग नाय गो. पन हितं दार उघडायला पन तुला इचारायला लागतं. मला घरी सोड."

"ताई, तिथे सोमवार-गुरुवार कोण नेणार तुम्हाला?"

"गाडी हाय ना. तूच तर धाडतेस."

मी धाडायला लागले. जाऊबाई घरी गेल्या आणि फोनवरचा त्यांचा आवाजच बदलला. पण महिन्याभरात तक्रार आली: आठवड्यातल्या दोन सकाळी गाडी तालुक्याला अडकते, सचिवांच्या जावेसाठी. तक्रार खोटी नव्हती. मंडळाची सभा लागली. विषय एकच, ठरलेल्या फेऱ्या बंद करायच्या का. बंद झाल्या असत्या तर जाऊबाई परत आमच्या खिडकीशी.

सभा ठाण्यात वर्तकनगरला, एका शाळेच्या वर्गात भरते. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. मी उभी राहून सांगितलं की ड्रायव्हर सकाळी पेशंटला सोडून लगेच गावात परत येईल आणि दुपारी आणायला जाईल. वरच्या वाडीतल्या एकांनाही डायलिसिस सुचवलंय, तेही याच फेरीत बसतील.

"कागदावर छान आहे," मागून एक जण म्हणाला. "पण तो परत आला की तालुक्याला वडे खात बसला, हे कोण बघणार? वहिनी तर निघाल्या कॅनडाला. तिथे रात्र असताना इथला फोन कोण उचलणार?"

"गावातली आशा वर्कर बघेल," मी म्हटलं.

"ती खालच्या वाडीची."

"मग उपसरपंच."

"तो वरच्या. त्यापेक्षा गाडी विकून टाका."

लोक हसले. आमचे अध्यक्ष भावकीतलेच, मला सूनबाई म्हणतात. ते म्हणाले, "हे बघा सूनबाई, फेऱ्यांना माझी ना नाही. कुणाचीच नसेल. पण फोन तुमच्याकडे हवा. तुम्ही बघताय तोवर चालू ठेवू. तुम्ही सोडलंत की बंद. आता तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि अगदी प्रेमाने. रागाने बघितलं असतं तर मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, "चालू ठेवा." टाळ्या वाजल्या. आणखी तीन वर्षांसाठी सचिव म्हणून माझं नाव सुचवलं गेलं, त्याला अनुमोदन मिळालं आणि चहा आला.

स्टेशनला जाताना रिक्षातून जाऊबाईंना फोन केला.

"फेऱ्या चालू राहणार, ताई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग तू लेकीकडं कदी जातेस?"

"बघू."

"बघू म्हंजे नाय." त्यांच्या अंगणात कुणीतरी आलं असावं, कारण "बस, आले" असं त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "गुरवारची गाडी सातला नको, साडेसहाला धाड. उशीर झाला का मशीन दुसऱ्याला देतात."

मी ड्रायव्हरला साडेसहा सांगितलं. मग मुलीचा नंबर काढला. कॅनडात अजून पहाट होती. ती उठेपर्यंत मला डोंबिवलीला पोहोचायचं होतं आणि तिला काय सांगायचं ते ठरवायचं होतं.