तिच्या होकाराची परीक्षा

माझा मामा ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. वेड्यांना तपासून दाखला देण्याचं काम त्याच्याकडे असे. बायका परपुरुषाशी बोलत नसत, म्हणून तो मला मध्ये बसवी. मी तेव्हा सतरा वर्षांची, त्याच्याच घरी सुधारणेच्या चोपड्या वाचून वाढलेली. त्या मामाच आणून देई आणि मग माझ्या जिभेला भिऊन राही.

एका सकाळी कल्याणचे एक गृहस्थ आपल्या विधवा सुनेला घेऊन आले. तिला सातवा महिना होता. मूल कोणाचं, हे मी विचारलं तेव्हा ते आढ्याकडे पाहू लागले. त्यांना मामाकडून एवढंच लिहून हवं होतं, की हिचं डोकं फिरलं आहे, मूल राहिलं तर ही खाडीत उडी घेईल. गर्भ पाडणं गुन्हा; बाईचा जीव वाचवण्यापुरती काय ती कायद्याची सूट. मामाचा कागद मिळाला की पुढचं करणारा डॉक्टर त्यांनी पाहून ठेवला होता.

मामानं माझ्यामार्फत विचारलं, मूल नको आहे का? ती म्हणाली, हो. जीव द्यावासा वाटतो? हो. मग मामा हळूच मला म्हणाला, "विचार, ती विलायतेची राणी आहे का."

"हो," ती म्हणाली.

"पाहिलंत? ठार वेडी," सासरे म्हणाले.

"वेडी नाही. तुमच्यासमोर हिला दुसरा शब्द येत नाही," मामा म्हणाला.

मामानं तिला आठ दिवस आमच्या घरी ठेवून घेतलं. मी भडकले. तिनं मागितलंय ते दे, नाहीतर नाही म्हणून टाक. तू थांबलास तरी पोट थांबत नाही, म्हणजे थांबणं हाही निकालच झाला, असं मी त्याला सुनावलं.

"खरं आहे तुझं," तो म्हणाला. "पण तिला एकदा कशाला तरी नाही म्हणू दे गं. मग तिचं हो मी खरं धरीन."

चार दिवस ती सगळ्याला हो म्हणत राहिली. पाचव्या दिवशी मी तिच्या पानात कारलं वाढायला गेले. "नको," ती पुटपुटली, "कडू लागतं." दारातला मामा इतका खूश झाला, की मामी म्हणाली, माझ्या कारल्याला नावं ठेवलेली यांना बरी गोड लागतात.

दुपारी त्यानं पुन्हा तेच विचारलं. या वेळी ती हो म्हणाली नाही.

"मूल हवं की नको, मला कळत नाही. त्या घरी जायचं नाही. आणि मरायचं नाही."

मामानं लिहिलं, बाई शहाणी आहे, घाबरलेली आहे. गर्भ पाडण्याचं कारण मला दिसत नाही. ते वाचून सासरे तिला न घेताच निघून गेले. आळीतल्या चार घरांनी आमच्याकडचं जेवणखाण सोडलं.

कळव्याला मामाच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती सुइणीकडे तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या. ती मुलीला पाजत असे. कधी कधी दोन-दोन दिवस तिच्याकडे बघत नसे.

तिनं तेव्हा मूल नको असं स्पष्ट म्हटलं असतं तर काय लिहिलं असतंस, असं मी मामाला विचारलं. "मलाही माहीत नाही," तो म्हणाला. असं उत्तर मी एकाही चोपडीत वाचलं नव्हतं, आणि मला त्याचा रागही येईना. दर रविवारी तो होडीनं कळव्याला जाई, तिला झोप लागते का एवढंच विचारी, आणि मूल त्याच्यापुढे आणायचं की नाही हे तिच्यावर सोडी.