स्वच्छ पाण्यापर्यंत नेणारा पंखा

नाखवा दुकानाच्या पायरीशी आला की आधी थुंकायचा. एकदा थुंकून भागायचं नाही, तोंड कोरडं पडेपर्यंत थुंकायचा. मग बाहेरच्या पिंपातलं पाणी घेऊन चूळ भरायची, मिशा पुसायच्या आणि आत येऊन म्हणायचं, "सगली घान हाय."

मला त्याची किळस यायची. मी मूळचा कराडचा, राहायला सानपाड्याला आणि नोकरीला मोरा बंदराजवळच्या दुकानात. होडीच्या मागे लावायची इंजिनं आम्ही विकतो आणि दुरुस्त करतो. थुंकणारी माणसं मला मुळातच सहन होत नाहीत. पण एकदा नाखव्याचं इंजिन तपासायला त्याच्याबरोबर पाण्यात गेलो आणि एक लाट थेट तोंडावर आली. रॉकेल, साबण आणि काहीतरी कुजलेलं, अशी एकत्र चव होती ती. परत आल्यावर मीही त्या पायरीशी उभा राहून थुंकलो. नाखवा शेजारी उभा होता. पिंपातलं पाणी त्यानेच काढून दिलं.

तुम्ही कधी ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभे राहिला असाल तर वेगळं सांगायला नको. पाणी मागे सरतं आणि खाली चिखलात काय काय उघडं पडतं. पिशव्या, थर्माकोल, लहान मुलांचे डायपर, देवाच्या हारांची गाठोडी, आणि सगळ्यावर तेलाचा काळपट थर. बोटी धुणारे त्यातच धुतात, टाकणारे त्यातच टाकतात आणि जाळं टाकणाऱ्यानेही त्यातच टाकायचं.

नाखव्याची बायको सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गेटजवळ मासळी घेऊन बसायची. एका सकाळी आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई तळलेला तुकडा डब्यात घालून परत घेऊन आल्या. आवाज न चढवता त्यांनी तिला वास घ्यायला सांगितला. तिने घेतला. रॉकेलचा वास येत होता. ती टोपलीवर ओलं फडकं टाकून तशीच उठून गेली. ही गोष्ट नाखव्यानेच मला सांगितली, आणि सांगताना तो त्या बाईंवर अजिबात चिडलेला नव्हता. त्याला शिसारी आली होती ती स्वतःच्या मासळीची.

त्यानंतर आठवडाभरात तो पंखा बदलायला आला. इंजिनाच्या प्रॉपेलरला इथे सगळे पंखाच म्हणतात. त्याला वेगाचा पंखा हवा होता. जवळच्या पाण्यात जाळं टाकायचंच नाही, बाहेर लांब जायचं आणि मासळी शिळी व्हायच्या आत परत यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मी त्याला समजावलं. पंख्याच्या पात्यांना वळण जास्त असलं की तो एका फेरीत पाण्यात लांब सरकतो, म्हणून हलकी होडी पळते. पण जाळी, बर्फ, मासळी, माणसं असा भार असला की तोच पंखा इंजिनाला झेपत नाही. इंजिन फिरायला हवं तेवढं फिरत नाही, धापा टाकतं, तापतं. त्याच्या होडीला कमी वळणाचाच पंखा योग्य होता. हळू जाईल, पण भार ओढेल.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मना घानीच्या पलीकडं जायाचं हाय. हलू जाऊन काय करू?"

मी हट्ट सोडला नाही, त्यानेही नाही. शेवटी वेगाचा पंखा घेऊन गेला.

काही दिवस छान गेले. जाताना होडी रिकामी असायची, त्यामुळे पळायची. बायको पुन्हा आमच्या गेटजवळ बसायला लागली. पण परतताना भरल्या होडीत इंजिन गुरगुरायचं, आणि ओहोटीची ओढ समोरून असली की होडी जागची हलायची नाही.

अशाच एका दुपारी, न्हावा शेव्याकडे मोठी जहाजं जातात त्या वाटेवर तो अडकला. बरोबर त्याचा मेहुणा होता, श्रीवर्धनकडचा, मोसमापुरता मदतीला आलेला. आधीच धापा टाकणाऱ्या इंजिनाच्या पंख्यात फाटकं जाळं आणि प्लास्टिक गुंडाळलं गेलं आणि इंजिन बंद पडलं. समोरून कंटेनरचं जहाज भोंगा देत येत होतं. मेहुण्याने वल्ही धरली. नाखवा सुरी घेऊन पाण्यात उतरला आणि त्या काळ्या पाण्यात डोकं बुडवून पंखा सोडवत राहिला. होडी वाटेतून जेमतेम बाहेर निघाली. जहाज गेलं तेव्हा त्याच्या लाटांनी अर्धी मासळी पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे लाल होते आणि गळ्यावर पुरळ उठलं होतं. पंखा त्याने टेबलावर ठेवला. पात्याच्या बुडाशी अजून एक चिंधी अडकलेली होती, बुळबुळीत. नाखव्याने ती बोटाने ओढून काढली आणि बाहेर टाकली. मग म्हणाला, "तुजा पंखा दे."

मी कमी वळणाचा पंखा बसवून दिला. इंजिनाचा आवाज लगेच मोकळा झाला. मला बरं वाटलं.

पण त्या पंख्याने बाहेर जाऊन वेळेत परतता येईना. तो पुन्हा जवळच्या पाण्यात जाळं टाकायला लागला आणि पुन्हा मासळीला तोच वास यायला लागला. पावसाळ्याच्या तोंडावर मी त्याला धक्क्यावर भेटलो तेव्हा तो पकडलेली मासळी निवडतही नव्हता, नुसता बघत होता. पंखा कसा चाललाय, असं मी विचारलं.

"बेस हाय," तो म्हणाला. "पन नेतोय कुटं?"

मी त्याच्या शेजारी बसून मासळी निवडायला लागलो.

त्याच महिन्यात त्याने होडी चिखलातून वर ओढून ठेवली आणि मेहुण्याकडे निघून गेला. तिथे तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. आयुष्यभर ज्याला सगळे नाखवा, म्हणजे होडीचा धनी, म्हणत आले, तो आता दुसऱ्याला नाखवा म्हणतो. बायको इथेच राहिली, घराला कुणीतरी हवं म्हणून.

पावसाळा संपल्यावर दुकानातलं एक गिऱ्हाईक नाखव्याची होडी विकत घेण्यासाठी बघायचं म्हणालं. म्हणून ते यायच्या आधी मी आणि नाखव्याची बायको होडी बघायला गेलो. जवळ जाताच मी नाकावर रुमाल धरला. लोकांनी होडीची कचराकुंडी केली होती. काठोकाठ पिशव्या, शिळं अन्न, मेलेली घूस, आणि तळाशी सडलेलं पावसाचं पाणी. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने पदर खोचला आणि उघड्या हातांनी उपसायला सुरुवात केली. मग मीही उतरलो. दुपार उलटेपर्यंत आम्ही दोघं ते उपसत होतो, आणि सबंध वेळात ती एवढंच बोलली, "त्यांना सांगू नका."

गिऱ्हाईक आलंच नाही.

पुढच्या रविवारी नाखव्याचा फोन आला. तिकडची हवा, मासळी, मेहुण्याचं घर, असं बरंच बोलला. मग थांबून विचारलं, "होडी कशी हाय?"

"ठेवून गेलात तशीच आहे, नाखवा," मी म्हणालो.

फोनमध्ये मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, नुसत्या नावाने.