प्रलय आला नाही, त्या सकाळी
"तुमी तिकडं, मावळतीच्या अंगाला बसा," बुवाचा चेला म्हणाला. काठीनं त्यानं मातीत रेघ ओढली. त्या दिवशी सगळं जग बुडायचं होतं. बुडतानाही महारवाडा रेघेच्या पलीकडे.

ईटच्या बाजूचं आमचं गाव. निजामाचं राज्य, लढाईचे दिवस. कापड मिळेना, ज्वारी मिळेना. अशात कुठून तरी हा बुवा आला. म्हणाला, चैती अमावास्येला सूर्य मावळला की पुन्हा उगवणार नाही. जे माळावर येऊन बसतील, तेवढे नव्या युगात उठतील. तिथं कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. हे ऐकून माझी सासू रडली. मलाही खरं वाटलं. का नाही वाटणार? हे जग बुडालं तर आमचं काय जाणार होतं?

घरात माणूस मेलं की मडकी बाहेर काढून फोडतात. बुवा म्हणाला, आता सगळं जगच मरणार, तर सगळ्यांनीच फोडा. आम्ही फोडली. पाण्याचा डेरा, घागर, कोरड्यासाचं गाडगं, काही ठेवलं नाही. कुंभारानंही आपला सगळा माल फोडला. पाटलाच्या घरीही दोन गाडगी फुटली. तांब्याच्या घागरी मात्र आत राहिल्या. तांबं फुटत नाही म्हणे.

सूर्य मावळला. आम्ही बसून राहिलो. सकाळी तो उगवला, रोजच्या जागी.

कुणी कुणाकडे बघेना. मग बुवा उठला आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, मावळताना हिची सावली रेघ ओलांडून आत आली, विटाळ झाला, नवं युग माघारी फिरलं. आम्हाला मावळतीला बसवलं होतं त्यांनीच. हे कुणीच बोललं नाही. मीही नाही. दुपारपर्यंत बुवा परंड्याच्या वाटेला लागला होता.

गावात चुली पेटल्या. आमच्याकडे पाणी प्यायला भांडं नव्हतं. बारवेत उतरायची आम्हाला बंदी. वर उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो आपल्या घागरीतून आमच्या घागरीत ओतायचा. आता घागरच नव्हती. काखेत माझी लेक होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

पाटलीणबाई पाणी भरून वर आल्या. मी ओंजळ पुढं केली.

"आदी त्या रेघंवर जाऊन नाक घास," त्या म्हणाल्या. "मग वतू पाणी."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. अंग बधिर झालं होतं. लेक काखेत आहे, हेही कळत नव्हतं. डोक्यात फक्त एक हिशेब चालला होता. सगळ्या गावानं मिळून आणलेला प्रलय, आणि तो थांबवला कुणी? मी.

म्हणाले, "पाटलीणबाई, माझ्या सावलीनं जग बुडायचं ऱ्हायलं म्हणता. मंजी तुमी माझ्यामुळं जित्या हाव. आता नाक कुणी घासायचं?"

सासूनं माझा पदर धरला. नगं गं, मारतील, म्हणाली. मी पदर सोडवला आणि पायऱ्या उतरले. लेकीला पाजलं. मग मी प्याले. पाणी पाण्यासारखंच होतं.

वर आल्यावर मला मारलं. बायका बघत होत्या. हात मोडला, तो वाकडाच बसला. बारवेत गोमूत्र शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तहान लागली. मोडका हात पदरात बांधला आणि पुन्हा त्याच पायऱ्या उतरले. सासू माझ्यामागून उतरली. तिला मी बोलावलं नव्हतं.

नव्या युगाची वाट मी त्यानंतर पाहिली नाही. तहान लागली की पाणी असेल तिथं उतरायचं. मारतील तर मारतील. पाणी पिऊनच वर यायचं.