टाकीच्या झाकणाला शिवलेली टोपी

धाकट्या साडूबद्दल थोरल्या जावयाला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. पाण्याचे पंप दुरुस्त करतो, चहात वरून आणखी साखर मागून घेतो, गाडीत बसला की डोळे मिटतो. संपली माहिती. त्या डोळे मिटण्यावरूनच सासरी त्याचं नाव डुलक्या पडलं होतं. एकाच घरचे दोन जावई, इतक्या वर्षांचं येणं-जाणं, पण थोरल्याने कधी त्याला धड काही विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. त्याच्याकडे बघितलं की आधी हेवाच वाटायचा.

कारण ऐकलं तर लोक हसतील. सासरे थोरल्याला म्हणायचे, "या जावईबापू, बसा." आणि धाकट्याला, "अरे डुलक्या, सरक तिकडे!" बाहेरच्या माणसाला वाटावं, मान थोरल्याचा. थोरल्याला मात्र ते 'अरे' झोंबायचं. आपण अजून पाहुणेच, आणि हा मागाहून येऊन घरचा होऊन बसला!

एक गोष्ट तेवढी त्याच्या हक्काची होती. सासऱ्यांची जुनी गाडी. थोरल्याचं स्वतःचं गॅरेज होतं, त्यामुळे त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. किल्ली देताना सासरे म्हणायचे, "हिचं दुखणं तुम्हालाच कळतं." तेवढ्या वाक्यावर थोरल्याचा आठवडा बरा जायचा.

आणि नेमकी तीच गाडी बंद पडू लागली. सकाळी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची, पण गावाबाहेरचा चढ लागला की आचके द्यायची आणि मुकाट उभी राहायची. जरा थांबलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. थोरल्याने प्लग बदलले, कॉइल नवी घातली, कार्बोरेटर खोलून धुतला, शेवटी पेट्रोलचा पंपही बदलला. गॅरेजात उभ्या उभ्या गाडी शहाण्यासारखी चालायची. चढावर पुन्हा तेच रडगाणं.

एकदा सासूबाई बहिणीकडे जाताना भर उन्हात रस्त्यात अडकल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "डुलक्याला दाखवू या का एकदा?"

"अहो मामी, तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो!"

"मग गाडीतही पंपच बदललात ना तुम्ही? तो कसला, सरबताचा?"

सासरे खो खो हसले. थोरल्याने चहा अर्धाच ठेवला.

पुढच्या रविवारी चौघं निघाले. थोरला चालवत होता, शेजारी सासरे, मागे सासूबाई आणि डुलक्या. डुलक्याने बसल्या बसल्या डोळे मिटले. थोरल्याने आरशात बघून मनात म्हटलं, झोप लेका, झोप. चढ लागला, गाडीने आचके दिले, बंद. थोरला बॉनेट उघडायला उतरला, तोच मागून आवाज आला.

"दादा, बॉनेट राहू द्या. मामी, मागे बसलं की पेट्रोलचा वास यायचा ना? आज नाही आला."

"येईल कसा? ह्यांनी बंदोबस्त केलाय त्याचा," सासूबाई म्हणाल्या.

सासरे जन्मभराचे शिंपी. त्यांच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नसे. रेडिओला अंगरखा, गरम पाण्याच्या पिशवीला बंडी, चष्म्याच्या घरालाही वरून घर. बायकोने वासाची तक्रार केली तेव्हा त्यांनी टाकीच्या झाकणाला रेक्झिनची टोपी शिवली, आतून रबराचं अस्तर, दुहेरी शिवण. पेट्रोल भरतानाही ती स्वतःच काढायचे आणि स्वतःच चढवायचे. थोरल्याने ती पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, "वा मामा, काय फिटिंग आहे!" असं म्हणालाही होता.

डुलक्याने खाली उतरून टोपीसकट झाकण फिरवलं. आतून मोठा सुस्कारा निघाला. फुस्स!

"झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं," तो म्हणाला. "ते बुजलं की टाकीत पोकळी होते. मग पंपाने कितीही जोर लावला तरी पेट्रोल येत नाही. बंद टाकीतून पाणी ओढतानाही हेच होतं. करा चालू, दादा."

गाडी चालू झाली आणि चढ चढून गेली.

सासऱ्यांचे कान लाल झाले होते. मग मागे वळून त्यांनी डुलक्याच्या खांद्यावर धपका घातला. "अरे गाढवा, माझ्या शिवणीत खोट काढतोस?" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

थोरल्याने समोर रस्त्याकडे बघितलं. त्याला उभ्या जन्मात कुणी इतक्या मायेने गाढव म्हटलं नव्हतं.

"बाकीचं सगळं दादांनी तपासलेलं होतं, म्हणून एवढंच उरलं," डुलक्या म्हणाला.

"म्हणजे मी तुझी हमाली केली म्हण की!"

सासूबाईंनी खिडकीची काच उगाच खाली केली, वर केली.

घरी पोचल्यावर सासऱ्यांनी हात पुढे केला, थोरल्याकडून किल्ली घेतली आणि डुलक्याला दिली. "आता तूच बघ रे हिच्याकडे. जावईबापूंना किती त्रास द्यायचा?" त्यांच्या मनात काही नसेलही. पण थोरल्याने त्यानंतर रविवारी जायचं सोडलं. बायकोने विचारलं, "गाडीवर रुसलात की माणसावर?" तो म्हणाला, "कामं आहेत." गॅरेजात त्या दिवसांत फारसं काम नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी डुलक्याचा फोन आला. त्याच आठवड्यात, कामावर जायला निघताना तो दारातच कोसळला आणि गेला. फोन केला तेव्हा त्याला गाडीत खरंच काही सापडत नव्हतं, की सासरी बोलावायला त्याने निमित्त काढलं होतं, हे थोरल्याला आजवर ठरवता आलेलं नाही. ठरवायला माणूस माहीत असावा लागतो. फोनवरचं बोलणं मात्र त्याला शब्दन् शब्द आठवतं.

"दादा, गाडी पुन्हा बंद पडतेय."

"तू आहेस ना तिथे. तुला सगळं कळतं."

"नाही कळत हो. मामाही सारखे विचारतात, जावईबापू कुठे आहेत."

"पेट्रोल कुठलं भरलंस?"

"नेहमीचंच."

"बरं. बघतो. रविवारी येतो."

"या. जरा लवकर या, म्हणजे इंजिन गार असेल."