गोचिडीचं औषध आणि उटणं

आमच्या कुत्र्याला इंग्लंडला न्यायचं होतं आणि त्यासाठी नेमकं काय करावं लागतं, हे मला शेवटपर्यंत धड कळलं नाही. मी मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो. गुंतागुंतीच्या गोष्टी सोप्या करून सांगण्याचाच मला पगार मिळत होता. पण या प्रकरणात ज्यानं त्यानं मला जे जे सोपं करून सांगितलं, त्यानं माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

ही दोन हजार सहा सालची, अमेरिकेतल्या ट्रॉयमधली गोष्ट. बायकोला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली होती आणि माझी कंपनी मला तिथल्या ऑफिसात पाठवायला तयार होती. सामान फार नव्हतं. अडचण एकच होती, तपकिरी रंगाची, एक कान कायम दुमडलेली. आदल्या हिवाळ्यात बायकोनं त्याला प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलं होतं. त्याच्या आधीच्या शरद ऋतूत, पाचव्या महिन्यात, आमचं मूल पोटातच गेलं होतं. त्या वेळी माझी आई नागपूरहून यायला निघाली होती, पण तिला व्हिसा नाकारला. बायको महिनाभर खिडकीशी बसून होती. मग एका शनिवारी ती उठली, गाडी काढून कुठेतरी गेली आणि येताना हा मागच्या सीटवर बसलेला होता.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोर गेलं म्हणून कुत्रं आणतात का रे कोणी?" फोन स्पीकरवर होता. बायको तिथेच भांडी आवरत होती. त्यानंतर आईचा फोन आला की "कशा आहात, आई" एवढं विचारून ती फोन माझ्याकडे द्यायची. दोघींच्या मध्ये मी उभा, आणि कोणाची समजूत काय म्हणून काढायची हेच मला समजत नव्हतं.

बायको पुढे एकटीच इंग्लंडला गेली. जाताना तिनं मला विमानतळावर एकच गोष्ट सांगितली. "तू नाही आलास तरी चालेल, पण याला घेऊन ये." अर्धी चेष्टा होती. उरलेली अर्धी नव्हती. ऐनवेळी काही चुकलं असतं, तर तिकडे उतरल्यावर त्याला सहा महिने सरकारी कोंडवाड्यात ठेवलं असतं. त्याचं वय झालेलं होतं. आश्रयगृहात तो आधीच एक वर्ष पिंजऱ्यात काढून आला होता. पुन्हा पिंजऱ्यात तो जगेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

तर मी कामाला लागलो. आश्रयगृहानं त्याला कातडीखाली ओळखीची चिप बसवली होती, रेबीजची लसही दिली होती. मला वाटलं, झालं की. आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही अमेरिकन चिप युरोपातल्या यंत्राला वाचता येत नाही, दुसरी बसवावी लागेल. बसवली. मग म्हणाल्या, या नव्या चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. म्हणजे लस पुन्हा. मी विचारलं, पण लस तर याच कुत्र्याला दिली होती ना? त्या म्हणाल्या, हो, पण तो हाच कुत्रा होता हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? मग रक्त तपासायचं, ते दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि रक्त काढल्या दिवसापासून सहा महिने थांबायचं. आधी चिप, मग लस, मग रक्त, मग थांबणं. मी हे पाढ्यासारखं घोकत असे आणि तरी मीटिंगमध्ये मध्येच शंका यायची, की लस आधी की रक्त आधी.

त्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. महाराष्ट्र मंडळातले एक काका कुत्र्याच्या बाबतीतही आपल्या ग्रीन कार्डाचाच अनुभव सांगायचे. "सगळ्याच्या तीन तीन कॉपीज ठेव. आणि फोटो काढलेस का? कान दिसायला हवेत हं." बायकोची एक मैत्रीण जर्मनीत होती. ती फोनवर म्हणाली, "अरे, इतकं काय टेन्शन घेतोस? आमच्याकडे लगेच घेतात. आधी इथे आण, त्याचा पासपोर्ट कर, मग इथून फेरीबोटीनं इंग्लंडला." मला ते एकदम पटलं. दोन दिवस मी सुखात होतो. मग कळलं, की जर्मनीहून गेलं तरी इंग्लंडवाले सहा महिने मोजणारच. म्हणजे कुत्र्याला पासपोर्ट मिळतो, त्यावर तो युरोपभर हिंडू शकतो, फक्त आम्हाला जिथे जायचंय तिथेच जाऊ शकत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, इंग्लंड युरोपात आहे ना? त्या म्हणाल्या, मला वाटतं तुम्ही हे त्यांनाच विचारावं.

ऑगस्टमध्ये आई आली. दुसऱ्या वेळी तिला अमेरिकेचा व्हिसा मिळाला, आणि नंतर इंग्लंडचाही मिळाला, तोही इतक्या सहज की मलाच राग आला. माझ्यासोबत दोनेक महिने राहायचं, मग आम्ही सगळ्यांनी मिळून लंडनला जायचं आणि तिथून तिनं पुढे नागपूरला, असं ठरलं होतं. तिनं बॅग उघडली तेव्हा फराळाच्या डब्यांखाली, जुन्या साडीत गुंडाळलेला, तोंडाला चिकटपट्टी लावलेला तेलाचा भला मोठा कॅन निघाला.

"एवढं तेल कशाला आई? इथे मिळतं सगळं."

"हे मिळत नाही," ती म्हणाली आणि कॅन तसाच कपाटात खाली ठेवून दिला. त्यात जडीबुटी घालून उकळलेलं तिळाचं तेल आहे, इतकं मला वासावरून कळलं. ते कोणासाठी, ते कळलं नाही. दिवाळीपुरतं म्हणावं तर तेवढ्यात अख्ख्या मंडळाची आंघोळ झाली असती.

आई कुत्र्याला हात लावत नसे. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसायचा आणि ती त्याच्या अंगावरून पदर सावरून जायची. पण दुपारी मी कामावर असताना घरात दोघंच असत. हळूहळू तिचे प्रश्न बदलले. आधी विचारायची, "याचं रक्त तपासायला एवढे पैसे? माझं तर कोणी तपासलं नाही." नंतर विचारू लागली, "विमानात तो आपल्याजवळ नाही बसणार? खाली एकटाच? काहून बाप्पा? भीती नाही वाटणार त्याला?" मी मोठा प्रवासी पिंजरा आणला होता आणि त्याला सवय व्हावी म्हणून बैठकीत मांडला होता. तो काही आत जाईना. एक दिवस मी घरी आलो तर तो आत पसरून झोपलेला आणि पिंजऱ्याच्या दाराशी आई पोथी वाचत बसलेली.

सहा महिने संपले ते नेमके दिवाळीत. आता एकच सोपस्कार राहिला होता. गोचीड आणि पोटातले जंत यांचं औषध द्यायचं, आणि तेही विमानतळावर हजर होण्याच्या किमान एक दिवस आधी, पण दोन दिवसांच्या आतच. लवकर दिलं तर बाद, उशिरा दिलं तरी बाद. आमचं विमान लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी होतं. म्हणून नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, दोन दिवसांची मुदत नुकतीच सुरू झाली तेव्हा, डॉक्टरीणबाईंनी त्याला जंतांची गोळी दिली, मानेवर केस बाजूला करून गोचिडीच्या औषधाचे थेंब टाकले आणि सांगितलं, की हे कातडीत मुरायला दोन दिवस लागतात, तोवर पाणी लागू देऊ नका. मी हो म्हणालो. त्याला पाणी कोण लावणार होतं? मी तर त्याला वर्षात तीनदा जेमतेम धुतला असेल.

पहाटे मला उटण्याच्या वासानं जाग आली. आधी वाटलं नागपुरातच आहे. मग बाथरूमचा नळ ऐकू आला. गेलो तर आई टबाच्या कडेला बसली होती, पदर खोचलेला, बाह्या वर केलेल्या. टबात कुत्रा उभा होता. अंगभर तेल आणि त्यावर उटणं. तो डोळे मिटून, दुमडलेला कान आणखी पाडून, मुकाट्यानं उभा होता आणि आई त्याची मान चोळत होती. नेमकी मानच.

"आई! काय करून राहिलीस?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून नागपुरी बोली निघाली.

"ओरडू नको सणाच्या दिवशी. तुझं पाणी काढते मग."

"अगं त्याच्या मानेवर औषध होतं! पाणी लावायचं नव्हतं!"

"मला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. तिचा हात थांबला. "घरातला जीव दिवाळीला बिनआंघोळीचा ठेवायचा का? पहिली दिवाळी आहे त्याची आपल्या घरी."

मला भयंकर राग आला. सहा महिने जपलं, चिप, लस, रक्त, आणि शेवटी सगळं एका तांब्याभर गरम पाण्यात वाहून गेलं. पण खरं सांगायचं तर मी गोंधळलोही होतो. कागदावर औषध दिलेलं होतं. अंगावर ते आता होतं की नव्हतं, हे तिकडे कोणाला दिसणार होतं? आणि दिसणार नसलं तरी तसाच न्यायचा का? अंगावर एखादी गोचीड निघाली तर? आईनं तोवर त्याला टॉवेलात गुंडाळलं होतं. "आता त्याला नेऊ देणार नाहीत का रे?" तिनं विचारलं. "सूनबाईला काय सांगशील?" तिला इतकं घाबरलेलं मी बाबा गेले तेव्हाच पाहिलं होतं.

दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही तिघं पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. आईनं मलाही आंघोळ घातली नव्हती, म्हणजे त्या घरात त्या वर्षी अभ्यंगस्नान फक्त कुत्र्याचंच झालं. डॉक्टरीणबाई आल्या, टेबलावर वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

"हे काय लावलंय? छान वास येतोय."

मी सांगितलं, आज आमचा सण असतो, पहाटे तेल लावून आंघोळ करतात.

"कुत्र्यांचाही असतो?"

"कुत्र्यांचा नसतो. माझ्या आईचा असतो."

त्या आईकडे बघून हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा अजून आभारी आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर हिशेब केला, कोणालातरी फोन लावला. तोवर आई त्याचा पुढचा पाय हातात धरून उभी होती. एका दिवसाच्या हद्दीला अजून वेळ होता. त्यांनी तेलकट अंगावरही चालेल असं दुसरं औषध फवारलं, नवी वेळ घालून कागद पुन्हा केला आणि आईकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "यांना सांगा, आता आंघोळ इंग्लंडमध्ये." मी सांगितलं. आईनं इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला हसू आलं आणि मग रडूही आलं, आणि त्यातलं कोणतं कशाचं होतं ते मला कळलं नाही.

लंडनला सकाळी उतरलो. कुत्र्याला मालाच्या बाजूनं प्राण्यांच्या कचेरीत नेलं होतं. तिथल्या बाकावर बायको आमच्या आधीच येऊन बसली होती. आईला पाहून उठली, "कशा आहात, आई" म्हणाली, आणि आम्ही तिघं ओळीनं बसून राहिलो. दुपार होत आली. मला वाटलं, गेलं सगळं, चिप वाचता येत नसणार, लस कुठल्या तरी क्रमात चुकली असणार. मग दार उघडलं आणि तो तिरका तिरका पळत थेट बायकोच्या अंगावर गेला. ती जमिनीवरच बसली. त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मग डोकं वर करून मला विचारलं, "याला तेल कोणी लावलं?"

मी आईकडे पाहिलं. आईनं पदर सारखा केला.

"मी लावलं. चुकलंच माझं, पाणी लावू नका असं तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं म्हणे डॉक्टरनं." मग बायकोकडे वळून ती म्हणाली, "ते तेल त्याच्यासाठी आणलं नव्हतं. तुझ्यासाठी आणलंय, कॅन बॅगेतच आहे. तेव्हा मला येऊ दिलं नाही त्या लोकांनी. पोर राहिलं नाही तरी बाईचं अंग बाळंतिणीचंच असतं. तुझं अंग कोणी चोळलं नाही, कोणी शेक दिला नाही. ते राहून गेलंय माझ्या मनात. आज पाडवा आहे. तुझ्या घरी गरम पाणी येतं ना?"

बायको कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसली होती.

"येतं, आई," ती म्हणाली. "भरपूर येतं."