एका कान्याचं अंतर

फोन आला तेव्हा मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत सहावीच्या वह्या तपासत होते. पलीकडून हैदराबादच्या शहनाज गुरू बोलत होत्या. महादेवी ज्या तृतीयपंथी बायकांच्या घरात राहायची, तिथल्या या वडीलधाऱ्या. "अक्का, महादेवी गुजर गई," एवढंच म्हणाल्या. समोरच्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं?" आणि मी म्हणाले, "पाव्हण्यातलं एक माणूस गेलं." वीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला तेवढ्या घाईतही नपुंसकलिंग बरोबर सापडलं. ना भाऊ म्हणावं लागलं, ना बहीण. दीड महिना झाला, ते वाक्य काही घशाखाली उतरत नाही.

आम्ही कर्नाटकातल्या बसवकल्याणजवळच्या कोहिनूरचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, अप्पांच्या वेळी शेती आली. महादेवी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नाव तेव्हा महादेव. माझ्याच कडेवर वाढली, माझं ऐकून बोलायला शिकली. 'मी आले', 'मी जेवले' म्हणायची. तीन वर्षांची होती तोवर सगळे हसले. सातव्या वर्षी अप्पांनी थोबाडलं. "पोरीवाणी कामून बोलायलास?" मी तेव्हा बिदरला शिक्षिका व्हायचं शिकत होते आणि नवं शहाणपण अंगात मावत नव्हतं. अप्पांच्या मारापेक्षा आपली रीत बरी, म्हणून मी तिला पाटीवर 'मी आलो' लिहायला बसवलं. पाटी भरली की पुसायची, पुन्हा भरायची. "एका कान्याचा तर फरक आहे, तेवढा काना दे की," असं समजावलंसुद्धा. तिनं निमूट लिहिलं, आणि त्यानंतर घरात मराठी बोलणंच टाकलं. सगळं कानडीत. शाळेतून आली की दारातून, "अप्पा, नानु बंदे." अप्पा खूश, कारण कानडी पक्की झाली की सरकारी नोकरी ठेवलेलीच, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं. मीही मिरवून घेतलं. कानडीत बाई असो की बाप्या, 'आले'ला आणि 'आलो'ला 'बंदे' एवढंच म्हणायचं असतं, तिथं काना द्यावाही लागत नाही अन् काढावाही लागत नाही... हे घरात आम्हा सगळ्यांना येत होतं. कुणाच्या डोक्यात मात्र आलं नाही. एवढ्याशा लेकरानं लपायला एक भाषा शोधली होती, आणि मी तिला कानडीत पहिली आली म्हणून शाईचं पेन बक्षीस दिलं.

सतराव्या वर्षी ती बांधकामाच्या मजुरांबरोबर हैदराबादला गेली ती गेलीच. अप्पांनी गावात 'दुबईला गेलाय' म्हणून सांगितलं आणि मरेपर्यंत त्याला दुबईतच ठेवलं. दहाएक वर्षांनी ती बसवकल्याणला माझ्या दारात उभी राहिली. लुगडं नेसलेली, हातात केळ्यांची फणी. मी आधी तिला आत ओढलं, मग दार लावलं, आणि मग रडले. हा क्रम तिच्या लक्षात आला असणार. त्यानंतर वर्षातून एकदोनदा यायची, आणि आम्ही कानडीत बोलायचो. मला ते सोयीचंच होतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे एका मंडळानं चर्चा ठेवली. तृतीयपंथीयांना समाजात जागा असावी का, ओळखपत्रावर तिसरा रकाना द्यावा का, यावर तेव्हा पेपरात पत्रांचा पाऊस पडत होता. मी सभेत बरी बोलते, म्हणून मला बोलावणं आलं. एक वकील म्हणाले, रकाना द्या, पण आमच्या गल्लीत घर नको. मी त्यांचा असा समाचार घेतला की सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मग एका पालकानं उठून विचारलं, "बाई, तुमच्याच घरात असं कोणी असतं तर?" शेवटच्या रांगेत महादेवी बसली होती. या भाषणाचं मीच तिला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, ती येईल असं मनातही आलं नव्हतं. मी तिला पाहिलं. तिनं मला पाहताना पाहिलं. आणि मी म्हणाले, "असतं तर आनंदानं जवळ केलं असतं." पुन्हा टाळ्या पडल्या.

बाहेर नळाजवळ ती थांबली होती. लहानपणानंतर पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. "अक्का, मी आले व्हते. बघितलीस न्हाईस का मला?" आणि मी, मराठीची बाई, कानडीत उत्तर दिलं, "नोडलिल्ला." पाहिलं नाही. "व्हय," ती म्हणाली, "लई चांगलं बोललीस." पदर डोक्यावरून घेऊन स्टँडकडे चालू लागली. पुन्हा कधी आली नाही, फोनही तिनं उचलले नाहीत.

तिला छातीचं दुखणं होतं, हे नंतर शहनाज गुरूंनी सांगितलं. दवाखान्यात नेलं तर पुरुषांच्या वॉर्डात घ्यायचं की बायकांच्या, हे दोन दिवस ठरेना. ते दोन दिवस तिनं व्हरांड्यातल्या बाकावर काढले. तिसऱ्या दिवशी ठरवायचं कारण उरलं नाही... मी हैदराबादला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिच्या खोलीत चौघीजणी बसल्या होत्या, कोणी तेलुगू, कोणी दखनी बोलणारी. शहनाज गुरू म्हणाल्या, "हमारे से मराठीच बोलती थी. सबकू सिखाई." खरंच, पाणी देताना एकजण म्हणाली, "मी पानी घेऊन आले." मग तिनंच विचारलं, लहानपणी महादेवी कशी होती. मी सुरुवात केली, "महादेव लहानपणी फार हुशार होता..." त्या पोरीनं हळूच सांगितलं, "हुशार होती म्हना, अक्का." मी माझं वाक्य दुरुस्त केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

निघाले तर जिन्यात शेजारची म्हातारी भेटली. तिनं तेलुगूत काहीतरी विचारलं. तुम्ही तिच्या कोण, असंच असणार. मी म्हणाले, "मी महादेवीची थोरली बहीण." स्पष्ट, मोठ्यानं म्हणाले. म्हातारीला मराठी कळत नव्हती. तिनं मान हलवली आणि ती आत निघून गेली.