पडणाऱ्यासाठी टाळ्या

आमचे सर पूर्वी स्केटबोर्डचे नावाजलेले खेळाडू होते. आता कंपनी चालवतात. ऑफिसच्या मधोमध लाकडी रॅम्प बांधलाय. त्यावरून कुणी पडलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही इथली रीत.

काल सर पडले आणि उठलेच नाहीत. टाळ्या थांबेनात. उलट्या पडलेल्या बोर्डाची चाकं गरगरत होती.

मी गवंड्याची मुलगी, घराण्यातली पहिली पदवीधर. वडिलांच्या कामावर कुणी पडलं तर हातातली थापी टाकून माणसं धावतात. इथं पडणं हाच खेळ. मग खरंच लागलेल्यानं ओरडायचं कसं? मी धावले.

“सर, पाय हलतोय का?”

“नाही,” ते हसऱ्या चेहऱ्यानंच कुजबुजले. “तूही हस. सगळे बघतायत.”

मला कळायच्या आत मी हसले होते.